विश्लेषण : गाडीची चौकट जोडापाशीच का मोडते? गॅरेजात पहिली गाडी बांधणाऱ्या कॉलिन चॅपमन यांच्या आयुष्यातून काय कळते?

पूर्णगडपासून रत्नागिरीपर्यंतच्या किनारपट्टीवर लोखंडी गेट, खिडकीची जाळी, पत्र्याच्या शेडचा सांगाडा करून देणारा वेल्डर शोधायला फार लांब जावे लागत नाही. मोबाइलवर घरी बांधलेल्या मोटारीचा व्हिडिओ पाहिलेल्या तरुणाला त्यामुळे सगळेच सोपे वाटते. पाइप बाजारात मिळतो, जुने इंजिन भंगारात मिळते आणि वेल्डर तर गावातच आहे. मग अडचण कुठे येते? अडचण जोडात येते. गेटचा एक जोड सुटला तर गेट वाकडे होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचा जोड सुटला तर माणूस जातो.

ब्रिटिश अभियंता कॉलिन चॅपमन यांचे आयुष्य याच प्रश्नाभोवती फिरले. मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजमध्ये त्यांनी पहिली गाडी बांधली आणि पुढे ‘फॉर्म्युला वन’ स्पर्धेत सात वेळा संघाचे जगज्जेतेपद मिळवले. नळ्यांच्या हलक्या चौकटीने त्यांना नाव मिळवून दिले. त्यांच्याच कंपनीच्या गाडीतील एका वेल्डने एका चालकाची कारकीर्द संपवली.

कॉलिन चॅपमन कोण होते?

चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी इंग्लंडमधील रिचमंड येथे झाला. बालपण उत्तर लंडनमधील हॉर्न्सी भागात गेले. तेथे त्यांचे वडील ‘रेल्वे हॉटेल’ चालवत. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये त्यांनी स्ट्रक्चरल इंजिनीअरिंग, म्हणजे पूल, इमारती, मनोरे यांच्या सांगाड्यांचे शिक्षण घेतले. विद्यापीठाच्या हवाई पथकात ते विमान चालवायलाही शिकले.

हे दोन तपशील महत्त्वाचे आहेत. त्या काळी बहुतेक मोटारींची चेसिस म्हणजे दोन जाड लोखंडी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. गाडी मजबूत हवी असेल तर लोखंड वाढवायचे, असा सरळ हिशेब होता. पूल बांधणारा आणि विमान बांधणारा मात्र वेगळा विचार करतो. वजन कोणत्या वाटेने कुठे उतरते हे तो आधी पाहतो आणि त्या वाटेवर लागेल तेवढाच धातू ठेवतो. चॅपमन यांनी हा विचार मोटारीत आणला.

पहिली गाडी कशी तयार झाली?

शिकत असतानाच चॅपमन एका मित्राबरोबर जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करत. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलवर रेशनिंग होते. १९४७ च्या अखेरीस खासगी वाहनांसाठीचा मूळ पेट्रोल कोटा बंद झाला आणि जुन्या गाड्यांचे भाव कोसळले. साठलेल्या गाड्या तोट्यात विकाव्या लागल्या. एक जुनी ‘ऑस्टिन सेव्हन’ मात्र गळ्यातच राहिली.

त्याच गाडीपासून १९४८ मध्ये पहिली ‘लोटस’ उभी राहिली. हेझल विल्यम्स या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागे गॅरेज होते, तेथे हे काम झाले. चॅपमन यांनी मूळ चेसिसच्या उघड्या पट्ट्या बंद पेटीसारख्या करून घेतल्या. वर प्लायवूड आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे असे अंग चढवले की ते नुसते झाकण न राहता भारही पेलू लागले. ही विमानाच्या बांधणीतली कल्पना होती.

पदवीच्या वाटेत गणिताचा पेपर अडला. तो पुन्हा देऊन त्यांनी १९४९ मध्ये पदवी मिळवली. काही काळ हवाई दलात आणि मग ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत नोकरी केली. गाड्या बांधण्याचे काम नोकरी सांभाळून सुरूच होते. १९५२ मध्ये हेझल यांच्याकडून २५ पाउंड उसने घेऊन त्यांनी लोटस इंजिनीअरिंग कंपनी सुरू केली. कारखाना म्हणजे वडिलांच्या हॉटेलमागचा जुना तबेला. १९५४ मध्ये दोघांचे लग्न झाले. कंपनीला ‘लोटस’ म्हणजे कमळ हे नाव का दिले, हे चॅपमन यांनी शेवटपर्यंत उघड केले नाही.

साधारण याच काळात महाराष्ट्रातही असा एक प्रयत्न सुरू होता. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ ही छोटी मोटार स्वतःच्या हिमतीवर तयार केली. मात्र ती कारखान्यातून बाहेर पडून बाजारात पोहोचू शकली नाही. चॅपमन यांना छोट्या गाड्यांच्या शर्यतींचे क्लब, सुटे भाग विकत घेणारे हौशी चालक आणि चौकटी जोडून देणारे कारागीर जवळच मिळाले. त्यामुळे त्यांची गाडी गॅरेजबाहेर पडली.

नळ्यांची चौकट म्हणजे नेमके काय?

१९५२ मध्ये आलेली ‘लोटस मार्क सिक्स’ ही चॅपमन यांची पूर्णपणे स्वतःची चेसिस असलेली पहिली गाडी. पोलादी नळ्या एकमेकींना जोडून तिचा पिंजरा तयार केला होता. या प्रकाराला ‘स्पेस फ्रेम’ म्हणतात. मार्क सिक्सची नुसती चौकट सुमारे २५ किलोची होती. म्हणजे तांदळाच्या एका पोत्याएवढी. तिला ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट करून आणखी ताठ केले जाई. गिऱ्हाइकाला चौकट आणि सुटे भाग मिळत. इंजिन आणि मागचा आस फोर्डच्या साध्या गाडीचा बसवून तो घरीच गाडी जुळवी. अशा सुट्या गाडीवर खरेदी कर लागत नसे. सुमारे १०० गाड्या याच पद्धतीने गेल्या.

इतकी हलकी चौकट टिकते कशी? कोकणातल्या कौलारू घराच्या छपराकडे पाहिले की उत्तर मिळते. कैचीत लाकडे त्रिकोणात जोडलेली असतात. चार काठ्यांचा चौकोन करून एका कोपऱ्यावर दाब दिला तर तो तिरका होतो. त्यात एक तिरपी काठी बसवली की तो हलत नाही. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलू शकत नाही.

त्रिकोणात प्रत्येक नळी एक तर ओढली जाते किंवा दाबली जाते. बारीक नळी हे दोन्ही चांगले सोसते. चौकोनात मात्र कोपरे वाकू पाहतात आणि तो सगळा वाकवणारा जोर थेट वेल्डवर येतो. त्रिकोण नीट असेल तर वेल्डचे काम हलके होते, त्रिकोण नसेल तर नळी तोलून धरण्याचे ओझे वेल्डवर पडते.

चॅपमन यांनी हा विचार टोकाला नेला. १९५४ च्या ‘मार्क एट’ गाडीची चौकट विमान उद्योगातील तरुण अभियंत्यांच्या मदतीने गणित करून, मोजक्या नळ्यांत आणि जवळपास पूर्ण त्रिकोणांत बसवली होती. कागदावर ती उत्कृष्ट होती. पण तिच्या जाळ्यात इंजिन बसवणे आणि काढणे हे मेकॅनिकसाठी मोठे वेळखाऊ काम होऊन बसले. त्यानंतरच्या गाड्यांत चॅपमन यांनी तडजोड केली. दार, इंजिन आणि चालकाचे पाय यांच्यासाठी कुठे तरी त्रिकोण उघडा ठेवावाच लागतो. आणि जिथे त्रिकोण उघडा राहतो, तिथल्या कोपऱ्यातल्या वेल्डची परीक्षा असते.

वेल्ड नळीपेक्षा कमजोर असतो का?

वेल्डिंग म्हणजे लोखंड चिकटवणे, त्यामुळे जोड मूळ लोखंडापेक्षा कच्चाच असणार, असे अनेकांना वाटते. नीट झालेल्या वेल्डबाबत ते खरे नाही.

बाजारात मिळणाऱ्या रॉडच्या पुड्यावर ‘६०१३’ असा आकडा असतो. त्यातील पहिले दोन अंक ताकद सांगतात. म्हणजे वेल्डमध्ये भरलेला धातू दर चौरस इंचाला किमान ६०,००० पाउंड ताण सोसतो. मेगापास्कलमध्ये हा आकडा ४१० च्या पुढे जातो. भारतात सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘ई २५०’ दर्जाच्या साध्या पोलादाची तुटण्याची मर्यादाही किमान ४१० मेगापास्कल आहे आणि २५० मेगापास्कलनंतर ते कायमचे वाकू लागते. म्हणजे भरलेला धातू मूळ पोलादाच्या तोडीचा किंवा त्याहून सरस असतो.

मग जोड तुटतात का? त्याची कारणे मुख्यतः चार.

पहिले कारण, धातू आत न मुरणे. वरून वेल्डची रेघ छान दिसते, पण खालच्या नळीचा धातू वितळलेलाच नसतो. ‘मिग’ मशीनने घाईत मारलेल्या वेल्डमध्ये हा दोष सहज राहतो, कारण ते मशीन थंड लोखंडावरही देखणी रेघ ओढते.

दुसरे कारण, नळी खाल्ली जाणे. करंट जास्त झाला की वेल्डच्या कडेला नळीत चर पडते. दीड मिलिमीटर जाडीच्या नळीत अर्ध्या मिलिमीटरची चर म्हणजे तिथली एक तृतीयांश जाडी गेली. भगदाड पडले तर निदान दिसते, चर दिसत नाही.

तिसरे कारण, उष्णतेने बदललेला पट्टा. वेल्डच्या लगतचा भाग वितळत नाही, पण तापून त्याचा गुण बदलतो. साध्या पोलादात हा बदल फारसा घातक नसतो. जास्त ताकदीच्या मिश्र पोलादात मात्र तो पट्टा पटकन थंड होऊन ठिसूळ होऊ शकतो. महाग नळी आणली म्हणून जोड आपोआप चांगला होत नाही.

चौथे आणि गाडीसाठी सर्वांत मोठे कारण म्हणजे थकवा. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. गाडीची चौकट प्रत्येक खड्ड्यात, वळणावर आणि ब्रेकला थोडी थोडी वाकत असते. वेल्ड जिथे नळीला भेटतो त्या कडेवर हा ताण साठतो. तिथे केसाएवढी चीर पडते आणि हळूहळू वाढते. जोड महिनोन्‌महिने टिकला म्हणून तो चांगला आहे असे त्यामुळेच म्हणता येत नाही.

१९६० मध्ये स्पा येथे काय घडले?

१९६० मध्ये चॅपमन यांनी ‘लोटस १८’ ही इंजिन मागे असलेली गाडी आणली. नळ्यांची चौकट, कमीत कमी वजन. त्या वर्षी २९ मे रोजी स्टर्लिंग मॉस यांनी रॉब वॉकर यांच्या खासगी संघाच्या लोटस १८ मधून मोनॅकोची शर्यत जिंकली. जागतिक अजिंक्यपद मालिकेतील लोटस गाडीचा हा पहिला विजय होता.

तीनच आठवड्यांनी बेल्जियममधील स्पा येथे हाच हलकेपणा अंगाशी आला. सरावात मॉस यांच्या गाडीचे मागचे चाक निखळले. गाडी आदळून ते बाहेर फेकले गेले, त्यांचे पाय मोडले आणि पाठीलाही इजा झाली. त्याच सरावात माइक टेलर हा तरुण ब्रिटिश चालक दुसऱ्या लोटस १८ मध्ये होता. त्याच्या स्टिअरिंग कॉलमचा वेल्ड तुटला. हातात चक्र होते, पण चाके वळेनात. गाडी रस्ता सोडून झाडांत घुसली. टेलर वाचला, पण गंभीर जखमांमुळे त्याची शर्यतीची कारकीर्द तिथेच संपली. त्याने लोटसवर दावा लावला आणि तो जिंकला.

टेलरच्या गाडीत चौकट मोडली नव्हती. चॅपमन यांचे त्रिकोण जागेवर होते, गणित चुकले नव्हते. दगा दिला तो एका जोडाने आणि तोही अशा जागी, जिथे जोड सुटल्यावर भार उचलायला दुसरे काहीच नसते. पिंजऱ्यातील एक नळी सुटली तर शेजारच्या नळ्या काही काळ तग धरतात. स्टिअरिंग, ब्रेक आणि चाकाचा हात यांच्या जोडाला शेजारी नसतो.

मोनॅकोमध्ये एका वेल्डने शर्यत कशी वाचवली?

पुढच्याच वर्षी, १४ मे १९६१ रोजी मोनॅकोत उलट घडले. मॉस पुन्हा वॉकर यांच्या लोटस १८ मध्ये होते. समोर त्यांच्याहून ताकदवान इंजिनांच्या फेरारी. शर्यत सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी चौकटीच्या एका नळीला चीर गेलेली दिसली.

पेट्रोलची टाकी भरलेली होती. मेकॅनिक आल्फ फ्रान्सिस यांनी टाकीभोवती ओली फडकी गुंडाळली आणि तिथेच, सुरुवातीच्या रांगेत, चिरलेली नळी वेल्ड केली. मॉस यांनी १०० फेऱ्या आणि पावणेतीन तासांच्या शर्यतीत फेरारीच्या रिची गिंथर यांना ३.६ सेकंदांनी मागे टाकले. त्यांच्या सर्वोत्तम विजयांमध्ये या शर्यतीची गणना होते.

हा किस्सा धाडसाचा म्हणून सांगितला जातो, पण त्यात दोन साध्या गोष्टी आहेत. चीर दिसली, कारण कुणीतरी पाहत होते. आणि तो जोड पावणेतीन तास टिकायला हवा होता, तेवढा टिकला. घरी बांधलेल्या गाडीत नेमके हेच उलटे असते. चीर शोधणारा मेकॅनिक रोज जवळ नसतो आणि जोड काही वर्षे टिकावा लागतो.

चॅपमन यांनी नळ्या सोडल्या का?

होय. १९६२ मध्ये त्यांनी ‘लोटस २५’ आणली. तिच्यात नळ्यांचा पिंजराच नव्हता. ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट करून केलेली लांबट नावेसारखी पेटी हीच चेसिस होती. फॉर्म्युला वनमध्ये अशी संपूर्ण भार पेलणारी पेटी प्रथमच उतरली. ती नळ्यांच्या चौकटीपेक्षा हलकी होती आणि पिळली जाण्याला अधिक विरोध करणारी होती.

नळ्यांच्या चौकटीत भार मोजक्या सांध्यांवर गोळा होतो, पत्र्याच्या पेटीत तो सगळ्या पृष्ठभागावर आणि शेकडो रिव्हेटवर वाटला जातो. एक रिव्हेट सैल झाला तर काही बिघडत नाही. त्याच हंगामात लोटसने इतर संघांना मात्र नळ्यांची ‘लोटस २४’ विकली होती. कंपनीच्या स्वतःच्या संघाकडे वेगळीच गाडी पाहून हे ग्राहक नाराज झाले.

जिम क्लार्क यांनी १९६३ मध्ये लोटस २५ आणि १९६५ मध्ये तिच्या सुधारित गाड्यांच्या जोरावर जगज्जेतेपद मिळवले. १९६५ मध्ये त्यांनी लोटसमधून अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० शर्यतही जिंकली. १९६७ च्या ‘लोटस ४९’ मध्ये तर इंजिन हाच चेसिसचा मागचा भाग होता. जो भाग गाडीत आहेच त्याच्याकडून दुसरे कामही करून घ्यायचे, ही चॅपमन यांची जुनी रीत इथेही दिसते.

हलकेपणाची किंमत कुणी मोजली?

लोटसच्या गाड्या वेगवान पण नाजूक, अशी ख्याती होत गेली. एप्रिल १९६८ मध्ये क्लार्क यांचा जर्मनीतील हॉकनहाइम येथे फॉर्म्युला टू शर्यतीत मृत्यू झाला. टायरमधील हवा गेल्यामुळे तो अपघात झाल्याचे मानले जाते. १९६९ मध्ये स्पेनच्या शर्यतीत ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट यांच्या लोटस गाड्यांवरचे उंच पंख एकापाठोपाठ मोडले आणि दोन्ही गाड्या आदळल्या. त्यानंतर तसल्या उंच पंखांवर बंदी आली.

५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतील मोंझा येथे सरावात रिंट यांच्या ‘लोटस ७२’ च्या पुढच्या चाकाच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला. गाडी कठड्यावर आदळून त्यांचा मृत्यू झाला. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले. लोटसच्या गाड्या फार नाजूक आहेत, ही काळजी त्यांनी चॅपमन यांच्याकडे आधीच बोलून दाखवली होती.

या प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे होते, सगळ्यांचा दोष चॅपमन यांच्या माथी मारणे योग्य नाही. त्या काळी शर्यतीचे रस्तेच जीवघेणे होते आणि इतर संघांचेही चालक मरण पावले. पण वजन कमी करताना हाताशी किती राखीव ताकद ठेवायची, हा प्रश्न चॅपमन यांची पाठ सोडत नव्हता. अभियांत्रिकीत या राखीव ताकदीला ‘सुरक्षा गुणक’ म्हणतात. चॅपमन यांनी तो शक्य तितका खाली नेला. त्यांच्याकडे गणित करणारे, तपासणारे आणि प्रत्येक शर्यतीनंतर गाडी उघडणारे लोक होते, तरीही भाग तुटले.

शेवट कसा झाला?

१९६६ मध्ये लोटस नॉरफोकमधील हेथेल येथे, महायुद्धातील जुन्या विमानतळावर गेली. १९७८ मध्ये जमिनीलगतच्या हवेचा उपयोग करून गाडी रस्त्याला चिकटवून ठेवणाऱ्या ‘लोटस ७९’ ने मारिओ आंद्रेत्ती यांना जगज्जेता केले. संघाचे ते सातवे आणि चॅपमन यांच्या हयातीतील शेवटचे विजेतेपद ठरले.

१६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन यांचे निधन झाले. ते ५४ वर्षांचे होते. लोटसने डिलोरियन कंपनीसाठी मोटार विकसित करण्याचे काम घेतले होते. त्या व्यवहारातील गैरप्रकार त्यांच्या मृत्यूनंतर उघड झाले आणि लोटसच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला १९९२ मध्ये तुरुंगवास झाला. चॅपमन यांच्या नावावर हा डाग कायम राहिला.

आजच्या घरगुती गाड्यांशी त्यांचा काय संबंध?

१९५७ मध्ये मार्क सिक्सच्या पुढची पायरी म्हणून आलेली ‘लोटस सेव्हन’ ही नळ्यांच्या चौकटीची साधी, उघडी, दोन आसनी गाडी आजही मेलेली नाही. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले आणि ती अजून बनते. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या इंग्रज शिक्षकाने २५० पाउंडांत अशी गाडी घरी कशी बांधावी यावर पुस्तक लिहिले. २५ मिलिमीटरचा चौकोनी आणि सुमारे १.६ मिलिमीटर जाडीचा पोलादी पाइप, जुन्या मोटारीचे इंजिन आणि घरचे गॅरेज, एवढ्यावर ती बांधायची. जगभरचे हौशी लोक आज ज्या नळ्यांच्या चौकटी बांधतात, त्यातील कित्येकांचा आराखडा याच वाटेने आलेला आहे.

भारतात अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘बाहा’ स्पर्धेसाठी नळ्यांची चौकट स्वतः जोडतात. तिथल्या नियमांत वेल्डसाठी वेगळी अट असते. गाडीला वापरलेल्याच पाइपचा, त्याच वेल्डरने केलेला नमुना जोड द्यावा लागतो. एक नमुना ओढून तोडतात. तो वेल्डमध्ये न तुटता नळीत तुटला पाहिजे. दुसरा उभा कापून आत धातू किती मुरला ते पाहतात. गाडी मैदानात उतरण्याआधी जोड मुद्दाम मोडून पाहिला जातो.

घरी चौकट बांधताना काय पाहावे?

नळीची टोके एकमेकींवर नीट बसतील अशी घासून घ्यावीत. फट राहिली की ती भरायला जास्त धातू लागतो, उष्णता वाढते आणि नळी ओढली जाते. सगळे सांधे आधी टाके मारून उभे करावेत, मापे आणि कर्ण तपासावेत आणि मग समोरासमोरच्या बाजूंनी आलटून पालटून वेल्ड करावेत.

पाण्याचा जस्ताचा पाइप वापरू नये. जस्त जळून होणारा धूर अंगाला बाधतो आणि वेल्डमध्ये छिद्रे राहतात. फर्निचरचा पातळ पाइपही नको. वेल्डची रेघ ग्राइंडरने घासून गुळगुळीत करू नये. त्यात ताकद जाते आणि दोष झाकला जातो.

त्याच पाइपचे तुकडे त्याच मशीनवर जोडून, पकडीत धरून वाकवून तोडून पाहावेत. तुटलेली जागा जोडात असेल तर गाडीला हात लावू नये. चिरा शोधण्यासाठी लाल रंग आणि पांढरी पावडर फवारून करायची तपासणी स्वस्तात होते. इंजिनाचे पाय, चाकांचे हात आणि सीटबेल्ट जिथे नळीला जोडले जातात, तिथे ती ठरावीक काळाने पुन्हा करावी. स्टिअरिंगच्या दांड्याला तर घरी वेल्ड मारूच नये, कारखान्यात तयार झालेला अखंड भागच वापरावा.

पूर्णगडसारख्या ठिकाणी आणखी एक शत्रू आहे, खारी हवा. वेल्डजवळचा रंग आणि वरचा थर जळालेला असतो, त्यामुळे गंज तिथूनच सुरू होतो. नळीचे टोक उघडे राहिले तर तो आतून खातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. १.६ मिलिमीटरच्या भिंतीत दोन-तीन पावसाळ्यांचा गंज म्हणजे चॅपमन यांनीही धरला नसता असा हिशेब. टोके बंद करणे आणि वेल्ड घासून लगेच प्रायमर लावणे हा इथे चौकटीच्या ताकदीचाच भाग आहे.

अशी गाडी रस्त्यावर चालवता येते का?

स्वतः बांधलेली गाडी थेट आरटीओत नेऊन नोंदवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नव्या वाहनाच्या नमुन्याला पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी लागते. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या आणि हौशी गाड्या बंदिस्त मैदानावर आणि स्पर्धेतच धावतात. ही अट अनेकांना जाचक वाटते. पण रस्त्यावर गाडीचा जोड सुटला तर त्याची किंमत बांधणाऱ्याइतकीच समोरून दुचाकीवर येणाऱ्या अनोळखी माणसालाही मोजावी लागते.

माइक टेलरच्या हातातले चक्र स्पा येथे मोकळे फिरले, तेव्हा त्या गाडीमागे पदवीधर अभियंता, कारखाना आणि अजिंक्यपद मालिकेतला ताजा विजय होता. यातले काहीच त्या एका जोडाच्या कामी आले नाही. तो जोड कुणी कापून, वाकवून किंवा रंग फवारून तपासला असता तर कदाचित आला असता.